डॉक्टरांचं तिसरं लँडिंग

दातांच्या डॉक्टरांनी सत्तावन्नाव्या वर्षी विमान चालवायला शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एकच अट घातली. एकट्याने जायचं नाही. विमानाचं मैदान घरापासून तासाभराच्या रस्त्यावर, डॉक्टरांना गाडी चालवताना डुलकी लागते, आणि एखाद्या गोष्टीचं वेड घेतलं की ते जेवायचं विसरतात. तेव्हा लेकीला सोबत न्यायचं.

लेक तेवीस वर्षांची. घरात तिला ठकी म्हणायचे. स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात ती आराखडे काढायची आणि शनिवार-रविवार तिला सुट्टी असायची. विमानांचं तिला काही कौतुक नव्हतं. बाप वर घिरट्या घालत असताना आपण बाकावर पुस्तक वाचत बसायचं, खाली आला की डबा खायला लावायचा आणि परत आणायचं, एवढंच तिचं काम.

डॉक्टरांचं मात्र हे लहानपणापासूनचं वेड. दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीच्या बरोबर वर, छतावर, त्यांनी एका छोट्या विमानाचं मोठं चित्र चिकटवलं होतं, म्हणजे तोंड उघडून आडवं पडलेल्या माणसाला बघायला काहीतरी असावं. बायको म्हणायची, तीस वर्षं पेशंट विमान बघतायत आणि हे दाढा.

पहिले तीन आठवडे ठकी बाकावर बसली. चौथ्या शनिवारी एक विद्यार्थी आलाच नाही, विमान रिकामं राहिलं, आणि विमान शिकवणाऱ्या कॅप्टनबाईंनी तिला सहज विचारलं, येतेस का एक चक्कर. कॅप्टनबाई पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. डॉक्टरांशी त्या आजवर तीनच शब्द बोलल्या होत्या, असं डॉक्टरच गमतीने सांगायचे: "सावकाश", "उजवीकडे" आणि "ठीक". अर्ध्या तासाने दोघी खाली आल्या. बाई सरळ डॉक्टरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "हिला आधी कोणी शिकवलंय?"

कोणी शिकवलं नव्हतं. डॉक्टर हसले, लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि परतीच्या वाटेवर आपणहून म्हणाले की तूही शिक. त्या वेळी हा त्यांना आपल्या मनाचा मोठेपणा वाटला होता.

पुढचे पाच महिने दोघं एकाच विमानावर, पाठोपाठच्या तासांना शिकली. डॉक्टरांनी पुस्तकं पाठ केली. दवाखाना बंद झाला की ते पेशंटच्या खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये छत्रीची दांडी धरायचे आणि डोळे मिटून विमान उतरवायचे. कितव्या पानावर काय लिहिलंय, ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. ठकी पुस्तक उघडायची ती गाडीत, मैदान दहा मिनिटांवर आलं की. पण विमानात बसली की तिचे हात जणू जन्मापासून तेच करत असल्यासारखे चालायचे. डॉक्टर धावपट्टी जवळ आली की घट्ट होत. खांदे वर, जबडा आवळलेला. पेशंटना दिवसातून वीस वेळा "सैल सोडा, सैल सोडा" म्हणणारा माणूस स्वतः मात्र सैल सुटेना.

एकतीस तास झाले तरी कॅप्टनबाई त्यांना एकट्याने सोडत नव्हत्या. ठकीला चौदा तासांत सोडलं.

त्या दिवशी डॉक्टर बाकावर बसून होते. लेकीने एकटीने तीन चकरा मारल्या, तीन वेळा विमान उतरवलं, आणि तिन्ही वेळा ते इतकं हलकं टेकलं की चाकं जमिनीला कधी लागली ते नेमकं सांगता येऊ नये. पहिल्या वेळी डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या वेळी डोळे भरून आले. तिसऱ्या वेळी त्यांच्या मनात आलं की आता एकदा तरी आदळावं हिने, थोडंसंच. आणि हा विचार आपल्याच डोक्यातून निघाला, हे कळल्यावर ते उठून गाडीकडे गेले आणि काही कारण नसताना डिकी उघडून बंद केली.

विमानाशेजारी उभ्या असलेल्या ठकीचा फोटो त्यांनीच काढला. घरी बायकोने तो बघितला आणि म्हणाली, "अहो, विमान छान आलंय. हिचं डोकं कुठंय?"

तेव्हापासून डॉक्टरांना चैन पडेना. दवाखान्यात ते येईल त्याला स्वतःहून सांगत, माझी लेक एकटीने विमान चालवते. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण सांगितलेलं कमी खुपायचं. पेशंट तोंडात कापूस असताना मान डोलावून कौतुक करायचे आणि डॉक्टर त्यांना तोंड आणखी मोठं उघडायला सांगायचे. जेवताना मायलेकी विमानाबद्दल बोलू लागल्या की ते पाणी आणायला उठत. आपलं स्वप्न आपण हिला नुसतं दाखवायला नेलं आणि हिने ते उचलून खिशात घातलं, असं त्यांना वाटे. लगेच लाजही वाटे. स्वतःच्या पोरीचा हेवा करणारा बाप त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि आता दाढी करताना रोज आरशात दिसत होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कॅप्टनबाईंसोबत दोन चकरा झाल्यावर बाईंनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगितलं, पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरल्या. "तीनदा उतरवा. मी बाकावर आहे," एवढंच म्हणाल्या.

पहिलं लँडिंग चांगलं झालं. शेजारची खुर्ची रिकामी, विमान हलकं, आणि डॉक्टरांच्या छातीत असं काही भरून आलं की ते वर असताना मोठ्याने हसले. दुसरं त्याहून बरं झालं. तिसऱ्या चकरेला वळण घेऊन ते धावपट्टीच्या रेषेत आले आणि त्यांनी बाकाकडे बघितलं.

बघायला नको होतं. बाक रिकामा होता. कॅप्टनबाई ऑफिसच्या दारातून आत जात होत्या, आणि ठकी बाजूला, धावपट्टीकडे पाठ करून उभी होती.

तिच्या तिन्ही लँडिंगला आपण पापणी लवू दिली नव्हती. आणि आपल्या वेळी हिला पाठ फिरवून उभं राहावंसं वाटतं. हे सगळं मनात यायला दोन-तीन सेकंदच लागले असतील, पण तेवढ्यात वेग वाढला आणि तो कमी करायचा राहिला. चाकं लागली आणि विमान चेंडूसारखं वर उसळलं.

उसळलं तर काय करायचं, ते डॉक्टरांना पानासकट पाठ होतं. इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, परत वर जायचं, एक चक्कर मारून पुन्हा यायचं. पण ती चौथी चक्कर झाली असती. ठकीने तीनच मारल्या होत्या. डॉक्टरांनी दांडी पुढे ढकलली आणि विमानाला जबरदस्तीने खाली दाबलं.

पुढचं चाक आधी आपटलं. असा आवाज झाला की जणू कोणी भरलेलं लोखंडी कपाट जिन्यावरून लोटून दिलं. डॉक्टरांचे दात दातांवर आपटले, जीभ मध्ये सापडली. विमान पुन्हा उसळलं, पुन्हा आपटलं, आणि मग सरळ पळत सुटलं, काही झालंच नाही असं. तोंडात रक्ताची चव आली होती. त्यांनी विमान सावकाश आणून जागेवर लावलं, इंजिन बंद केलं आणि रुमालाने ओठ पुसले.

कोणी पाहिलं नव्हतं. कॅप्टनबाईंना फोन आला म्हणून त्या आत गेल्या होत्या. ठकी धावत आली, बापाच्या गळ्यात पडली आणि हातातला फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडे बायको होती. पहिली दोन लँडिंगं बघून ठकीला राहवेना म्हणून तिने आईला फोन लावला होता, आणि वाऱ्यात आवाज ऐकू येईना म्हणून पाठ फिरवून उभी होती. बायको विचारत होती, खरंच का हो, एकटे? डॉक्टर हो म्हणाले. जीभ सुजल्यामुळे ते "हो" जरा वेगळंच आलं, आणि बायकोला वाटलं की त्यांना रडू येतंय.

मग कॅप्टनबाई आल्या, हात मिळवला, आणि डॉक्टरांच्या उड्डाणांच्या वहीत लिहायला पेन काढत त्यांनी विचारलं की तिसरं कसं झालं.

"जरा आदळलं," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "किती?"

"नेहमीसारखंच."

बाईंनी क्षणभर बघितलं, मग वहीत तीन लँडिंगं लिहिली आणि सही केली. खरं तर डॉक्टर खोटं असं काहीच बोलले नव्हते. ते आदळायचेच नेहमी.

अर्ध्या तासाने तेच विमान घेऊन ठकीला एकटीने जायचं होतं. डॉक्टर बाकावर बसले. चहाचा कप हातात होता, पण जिभेला झोंबतो म्हणून ते पीत नव्हते. ठकी विमानाभोवती फिरून उडायच्या आधीची तपासणी करत होती. पंख, शेपूट, तेल, चाकं. डॉक्टर स्वतःला समजावत होते की हे विमान शिकाऊ लोकांसाठीच बनवलेलं आहे, रोज कोणी ना कोणी आपटतं, चालत आलं ना इथपर्यंत व्यवस्थित. आणि या समजुतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी नंतर फक्त बायकोला सांगितली. त्यांना वाटत होतं की विमानाला काही झालं असेलच, तर ते ठकीच्या फेरीनंतर सापडू दे. म्हणजे तिच्या नावावर लागेल. तिला काही इजा व्हावी असं त्यांच्या मनात नव्हतं. तिला नुसता एक डाग लागावा, आपल्यासारखा, एवढंच.

ठकी विमानाच्या नाकाशी उकिडवी बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "बाबा, हे पुढचं चाक थोडं खाली बसल्यासारखं वाटतंय. तुम्हाला उतरताना काही जाणवलं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. उठली, गुडघे झटकले आणि दार उघडून आत बसली.

डॉक्टर तसेच बसून राहिले. तीस वर्षांत त्यांनी एकाही पेशंटच्या "नाही"वर विश्वास ठेवला नव्हता. दुखतं का म्हणून विचारलं आणि नाही म्हणाला, की ते दातावर हत्याराने टकटक करून बघायचे. ठकीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं. आराखडा काढताना दुसऱ्याने दिलेलं माप ती कधी घेत नसे. फितीने स्वतः मोजायची. आणि आत्ता तिने वाकून दुसऱ्यांदा बघितलं नाही. बाबा नाही म्हणाले ना, मग झालं.

विमानाच्या नाकावरचा पंखा फिरू लागला. डॉक्टरांच्या हातातला कप खाली पडला. ते पळाले. फिरत्या पंख्याच्या जवळ जायचं नाही हा पहिल्या दिवशीचा धडा त्यांना आठवला आणि ते लांबून वळसा घेऊन समोर, तिला नीट दिसेल अशा जागी उभे राहिले, दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे धरून. म्हणजे इंजिन बंद कर. ठकीने लगेच बंद केलं. पंखा थांबला, दार उघडलं.

"मी जोरात आपटलंय," डॉक्टर म्हणाले. "दोनदा. पुढच्या चाकावर. जाणवलं होतं मला."

ठकीने किल्ली काढली, खाली उतरली आणि विमानं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलवायला गेली.

मिस्त्रींनी इंजिनावरचं झाकण काढलं, टॉर्च धरली आणि आत वाकून बराच वेळ बघितलं. मग त्यांनी कॅप्टनबाईंना बोलावून दाखवलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्याला आडवी सुरकुती पडली होती, चादरीला पडते तशी. पुढच्या चाकाचा दांडा किंचित वाकला होता. पंख्याच्या दोन्ही टोकांचा रंग खरवडला जाऊन धावपट्टीचा काळा लागला होता. पंखा जमिनीला लागला म्हणजे आता इंजिन उतरवून पूर्ण उघडावं लागणार, मिस्त्री म्हणाले. हे विमान दोन महिने तरी हलत नाही. आणि हे आज पुन्हा उडालं असतं तर धडगत नव्हती, असंही ते हात पुसता पुसता म्हणाले. कोणाकडे न बघता.

कॅप्टनबाई डॉक्टरांना ऑफिसात घेऊन गेल्या. त्या रागावतील, ओरडतील, असं डॉक्टरांना वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी शांतपणे त्यांची वही मागून घेतली, सकाळच्या सहीवर रेघ मारली आणि वही आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. "विमान कसं आपटायचं नाही ते मी शिकवीन," त्या म्हणाल्या. "लेकीला 'नाही' म्हणालात, त्याचं मी काय करू?" दोन महिने तुम्ही यायचं नाही, मग बघू, असं सांगून त्यांनी फोन उचलला.

परतीच्या रस्त्यावर ठकी गाडी चालवत होती. अर्धा रस्ता सरला. डॉक्टरांनी जिभेवर रुमाल धरला होता. शेवटी तेच बोलले.

"मला तुझा हेवा वाटतो, ठके. फार वाटतो. आज जे झालं ते त्यामुळे झालं."

"माहितीये मला," ती म्हणाली.

तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मग समोर बघतच सांगू लागली. गेल्या महिन्यात आपण दोन शनिवार ऑफिसचं काम आहे म्हणून तास रद्द केले, ते काम नव्हतंच. बाबांना पुढे जाऊ द्यावं म्हणून केलं. कॅप्टनबाईंनी पुढच्या परीक्षेचं विचारलं तेव्हाही टाळलं. आईला सगळं माहीत होतं. आई म्हणाली होती, तुझ्या बाबांनी भिकार-सावकार खेळतानासुद्धा तुला कधी जिंकू दिलं नाही, पत्ते लपवायचे, आता या वयात काय सुधारणार.

डॉक्टरांना वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटेल. उलट झालं. तिने आपल्यासाठी वेग कमी केला आणि आपल्याला कळलंही नाही, हे त्या आदळण्याहून जास्त लागलं. विमान चालवण्यातच नव्हे, मनानेही ही आपल्या पुढे आहे, हे कळून त्यांना पुन्हा हेवाच वाटला.

"हेवा वाटला त्याचं मला काही नाही," ठकी म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं, बाबा. खाली बसून, चाकाला हात लावून विचारलं. आणि तुम्ही नाही म्हणालात."

तिने गाडी सुरू केली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. जीभ बघितली, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या. मग तिने लेकीला बजावलं की यापुढे बाबांसाठी एकही तास सोडायचा नाही. "त्यांना जळू दे," ती म्हणाली. "जळून काही कोणी मरत नाही. खोटं बोलले तर मला सांग."

ठकी पंधरा दिवस बापाशी कामापुरतंच बोलली. मग हळूहळू बोलू लागली. पण काही विचारलं आणि डॉक्टरांनी उत्तर दिलं की ती एकदा स्वतः जाऊन खात्री करून यायची. गॅस बंद केलाय का, दाराला कडी घातलीये का. डॉक्टर ते बघायचे.

दोन महिन्यांनी कॅप्टनबाईंनी त्यांना परत घेतलं. शेजारी बसवून, पहिल्यापासून. तोवर ठकीची लेखी परीक्षा झाली होती आणि उडायची परीक्षा तोंडावर आली होती. पहिल्या शनिवारी डॉक्टर बाकावर बसून आपल्या पाळीची वाट बघत होते आणि ठकी दुरुस्त झालेल्या विमानात एकटीच होती. वारा आडवा सुटला होता. ती उतरायला आली, चाकं लागली आणि विमान उसळलं. चांगलंच उसळलं. डॉक्टर बाकावरून उठून उभे राहिले. तेवढ्यात इंजिन गरजलं, विमान वर चढत गेलं, वळलं, आणि पाच मिनिटांनी येऊन नीट टेकलं.

उतरल्या उतरल्या ती आधी मिस्त्रींकडे गेली. आदळलं, बघून घ्या, असं म्हणाली असावी, कारण मिस्त्री टॉर्च घेऊन निघाले. मग ती बाकाकडे आली आणि बापाशेजारी बसली. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"दिसलं?" तिने विचारलं.

"दिसलं."

"बरं वाटलं का?"

डॉक्टरांनी विचार केला. "वाटलं," ते म्हणाले. "तू परत वर गेलीस तोपर्यंत. मग पुन्हा हेवा वाटला."

ठकीने त्यांच्याकडे बघितलं. मग हसली, पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. खाऊन घ्या, तुमची पाळी आहे, म्हणाली. तिकडून कॅप्टनबाईंनी हात केला. डॉक्टरांनी दोन घास खाल्ले, डबा लेकीच्या हातात दिला आणि विमानाकडे निघाले.